लाल कॅलिपर आणि मागचा ड्रम

कॉम्पॅक्ट एसयूव्हीची ‘स्पोर्टी’ आवृत्ती बाजारात आली की तिच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद ठरल्यासारखा पुढे येतो, आणि तो इतक्या वेळा मांडला गेला आहे की वाहनांची परीक्षणे लिहिणाऱ्यांनीही आता तो बहुतांशी गृहीत धरला आहे. काळे छत, काळी चाके, आसनांवर लाल शिलाई आणि पुढच्या जाळीवर लाल अक्षरे एवढाच फरक असला तरी त्यात कोणाचे काय बिघडते, हा त्या युक्तिवादाचा गाभा होय. ज्याला आवडेल तो ही गाडी घेईल, ज्याला आवडणार नाही तो साधी घेईल. इंजिन तेच आहे हे कंपनी माहितीपत्रकात छापते, म्हणजे फसवणूक नाही. आणि इथल्या रस्त्यांवर याहून अधिक काही देऊन उपयोग तरी काय, असे त्याचे पुढचे टप्पे असतात. हा युक्तिवाद वरवर समंजस वाटतो, पण त्याचा प्रत्येक टप्पा तपासून पाहिला तर तो टिकत नाही, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात, जिथे यातल्या काही गाड्या तयार होतात आणि चालवल्याही जातात, तिथे तर तो अजिबात टिकत नाही.

उदाहरण म्हणून फोक्सवॅगन टायगुन घ्यावी. ही गाडी खेड तालुक्यात, चाकण औद्योगिक क्षेत्राच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कारखान्यात तयार होते. हा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘इंडिया २.०’ या प्रकल्पातून त्याला भारतासाठी खास बदललेला ‘एमक्यूबी ए-झीरो इन’ हा सांगाडा मिळाला. सांगाडा म्हणजे इथे गाडीचा तळ, चाकांची जोडणी आणि इंजिन बसवण्याची व्यवस्था यांचा सामाईक आराखडा, ज्यावर एकाहून अधिक गाड्या बेतता येतात. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन या दोन्ही गाड्या २०२१ साली याच सांगाड्यावर आल्या. करांच्या हिशेबात भारतात ‘लहान’ गाडी म्हणजे चार मीटरांच्या आतली, ही सीमा २००६ च्या अर्थसंकल्पापासून रूढ झाली; टायगुनची लांबी सुमारे ४.२ मीटर असल्याने ती त्या सीमेबाहेर पडते, पण आकार, वापर आणि गिऱ्हाईक पाहता तिला कॉम्पॅक्ट म्हणण्यास हरकत नाही. तिला दोन पेट्रोल इंजिने मिळतात: ९९९ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे, ११५ पीएस शक्ती आणि १७८ न्यूटन-मीटर टॉर्क देणारे, आणि १४९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे, १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर देणारे. टॉर्क म्हणजे चाके फिरवणारा पीळ. भरलेली गाडी चढावर ओढली जाते आणि ट्रेलरच्या बगलेतून पुढे निघते ती त्याच्या बळावर. २०२४ साली या गाडीच्या दोन नव्या आवृत्त्या आल्या: ‘जीटी प्लस स्पोर्ट’ मोठ्या इंजिनासह आणि ‘जीटी लाइन’ लहान इंजिनासह. दोन्हींत बदलले ते रंग, चाकांचे रूप, आतली सजावट, चिन्हे आणि दिव्यांची काळसर छटा. इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर आणि ब्रेक जसेच्या तसे राहिले.

‘हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे’ हा बचावाचा पहिला टप्पा इथेच अडखळतो. रंग ही आवड असते, यात वाद नाही. पण ‘जीटी’ ही अक्षरे रंगांच्या यादीतली नाहीत, त्यांना याच कारखान्यात घडलेला इतिहास आहे. २०१३ साली चाकणमधून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली तेव्हा तिला साध्या पोलोहून वेगळे, टर्बो लावलेले १.२ लिटरचे १०५ पीएसचे इंजिन आणि दोन क्लचांची सात गतींची स्वयंचलित गिअरबॉक्स होती. बाहेरून फरक थोडा होता, आतून पुष्कळ. २०२१ साली टायगुन आली तेव्हाही विभागणी स्पष्ट होती: लहान इंजिनाच्या गाड्या ‘डायनॅमिक लाइन’मध्ये, मोठ्या इंजिनाच्या ‘परफॉर्मन्स लाइन’मध्ये, आणि जीटी हे नाव फक्त दुसऱ्या गटाला. म्हणजे सुमारे अकरा वर्षे या कारखान्यातल्या जीटी या नावाने गिऱ्हाइकाला यंत्राविषयी काही निश्चित सांगितले होते. २०२४ मध्ये ते नाव ११५ पीएसच्या गाडीवर गेले आणि त्याच क्षणी ते यंत्राविषयी काही सांगेनासे झाले. ज्या नावावर आजवर माहिती मिळत होती त्यावर आता फक्त शोभा मिळते, आणि याला आवड म्हणून सोडून देणे म्हणजे जुन्या खरेदीदाराने ज्या विश्वासावर जास्त पैसे मोजले होते तो विश्वास मोडीत काढणे होय.

याच कंपनीच्या घरातला याहून जुना दाखला अधिक बोलका आहे. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिली गोल्फ जीटीआय मांडली गेली, तेव्हा तिच्या जाळीभोवती एक बारीक लाल रेघ होती आणि आसनांवर चौकड्यांचे कापड. हे कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फच्या चेंडूसारखा गोळा गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंनी सुचवला होता. सुरुवातीला अवघ्या ५,००० गाड्या काढण्याचा विचार होता. ती रेघ पुढे जगभर प्रसिद्ध झाली, पण तिच्या मागे १.६ लिटरचे ११० पीएसचे इंजिन होते, हवा खेळवून थंड राहणाऱ्या पुढच्या डिस्क होत्या आणि जमिनीकडे झुकवलेले, घट्ट केलेले सस्पेन्शन होते. तिथे सजावट ही झालेल्या कामाची खूण होती. आजच्या स्पोर्टी आवृत्तीत काम गाळून नुसती खूण ठेवली जाते, आणि परीक्षणे तिला ‘वारसा’ म्हणतात. वारसा सांगायचाच असेल तर तो संपूर्ण सांगावा.

आता ब्रेककडे वळावे, कारण हा प्रश्न सर्वांत स्वच्छ तिथेच दिसतो. जीटी प्लस स्पोर्टच्या पुढच्या चाकातून डोकावणारा ब्रेक कॅलिपर लाल रंगवलेला असतो. कॅलिपर म्हणजे फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग; शर्यतीच्या गाड्यांत तो मोठा, अनेक पिस्टनांचा असतो आणि तो रंगवण्याची रीत तिथूनच आली. टायगुनमधला लाल कॅलिपर हा साध्या टायगुनमधलाच कॅलिपर आहे. मागच्या चाकाशी वाकून पाहिले तर तिथे कॅलिपरच नाही, कारण तिथे डिस्क नाही. बंद डब्यासारखा ड्रम आहे, ज्याच्या आतले दोन अर्धगोल शू बाहेरच्या बाजूला दाबले जाऊन गाडी थांबवतात. सतरा इंची काळ्या चाकाच्या उघड्या आऱ्यांमागे तो ड्रम सहज दिसतो.

इथे न्यायाने बोलायचे तर ड्रम ब्रेक म्हणजे धोका, असे म्हणणे चुकीचे ठरेल. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाकेच करतात. ड्रममध्ये धूळ कमी शिरते, तो टिकाऊ असतो, हँडब्रेकसाठी सोयीचा असतो, आणि या गाडीत चाके जाम होऊ न देणारी एबीएस आणि घसरू लागलेली गाडी सावरणारी ईएससी या दोन्ही व्यवस्था सर्व आवृत्त्यांत आहेत. साध्या आवृत्तीत मागे ड्रम असण्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण ड्रमची मर्यादा उष्णतेची असते: बंद डब्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, आणि सलग उतारावर वेगाने वारंवार ब्रेक लावावे लागले तर त्याची पकड डिस्कपेक्षा आधी उतरते. ‘स्पोर्ट’ हे नाव ज्या वापराचे आश्वासन देते तो वापर नेमका हाच आहे. जिथे धातू बदलायला हवा होता तिथे रंग बदलला गेला, ही वस्तुस्थिती एखाद्या परीक्षणात आलीच तर शेवटच्या परिच्छेदात ‘मागे डिस्क असती तर बरे झाले असते’ अशा एका ओळीत येते. आणि लाल कॅलिपरचे छायाचित्र मात्र पहिल्या पानावर असते. वाचकाला दिशाभूल करणारी मांडणी ती हीच.

बचावाचा दुसरा टप्पा रस्त्यांचा. चाकणच्या तळेगाव चौकात ज्यांनी संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळी अर्धा तास काढला आहे त्यांना तो पटकन पटतो: जिथे पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता एकमेकांना छेदतात, कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, रिक्षा आणि दुचाक्या एकाच वेळी एकाच फटीत शिरू पाहतात, तिथे १५० पीएसचे आणि डिस्क ब्रेकचे काय करायचे? या प्रश्नात एक चूक दडलेली आहे. त्यात ‘स्पोर्टी’ म्हणजे कमाल वेग असे धरलेले आहे, आणि स्पोर्टी आवृत्तीवर टीका करणारे पुष्कळ लेखकही शून्य ते शंभरचे सेकंद मोजत बसून तीच चूक करतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि घाटात ती ६० वर येते; तेव्हा कमाल वेग हा या पट्ट्यात कोणाच्याच कामाचा नाही.

कामाची आहे ती गाडीची आज्ञाधारकता, आणि तिची परीक्षा खराब रस्त्याइतकी कुठेच होत नाही. भोसरी सोडून मोशी, कुरुळी फाटा करत चाकणकडे जाताना पावसाळ्यात डंपरच्या चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पसरलेला असतो, कडेला सांडलेल्या डिझेलचा पट्टा असतो, आणि पांढरे पट्टे पुसले गेलेला गतिरोधक अचानक पुढे येतो. अशा ठिकाणी ताशी ७० च्या वेगातून गाडी किती अंतरात आणि किती सरळ थांबते, हे टायर आणि ब्रेक ठरवतात. महाळुंगे-खालुंब्रेच्या बाजूला समोरून रहदारी येत असताना रेंगाळणारा ट्रेलर ओलांडायचा असतो, तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर पीळ लगेच येतो की वाट पाहावी लागते, हे ठरवते ते टर्बो. टर्बो म्हणजे धुरांड्याकडे जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे चाक. इंजिनाचे फेरे कमी असताना ते पुरेसे फिरत नाही. १.० लिटरच्या इंजिनात मिनिटाला १,७५० फेऱ्यांच्या खाली ही उणीव स्पष्ट जाणवते, म्हणून गर्दीत मॅन्युअल गिअरची गाडी चालवणाऱ्याला क्लच अर्धवट धरून ती रेटावी लागते, १.५ लिटरचे इंजिन स्वतःच्या आकारामुळेच ती दरी बरीचशी भरून काढते. म्हणजे ज्या रस्त्यावर ‘शक्तीचा उपयोग काय’ असे विचारले जाते, त्याच रस्त्यावर दोन इंजिनांतला फरक रोज पायाला कळतो, आणि दोन्ही गाड्यांच्या नावात जीटी असते.

सस्पेन्शनचेही तेच. घट्ट सस्पेन्शन म्हणजे स्पोर्टी, ही समजूत गुळगुळीत रस्त्यांच्या देशांतून आलेली आहे. इथे खरी कसोटी अशी की खड्ड्यातून उठलेले चाक किती लवकर जमिनीला परत टेकते आणि गाडी दुसऱ्यांदा उसळी घेते की नाही. हे काम स्प्रिंगपेक्षा शॉक अब्सॉर्बरचे, ज्याला गॅरेजात सरसकट शॉकअप म्हणतात, त्याच्या आतल्या तेलाच्या आणि झडपांच्या जुळणीचे असते. राजगुरुनगरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या वळणांवर तुटलेल्या कडेवरून गाडी नेणाऱ्याला घट्टपणा नको असतो, नियंत्रण हवे असते. तशी जुळणी केलेली आवृत्ती या रस्त्यांसाठी विलास ठरली नसती, ती अधिक सुरक्षित गाडी ठरली असती. ‘रस्ते वाईट आहेत’ हे कारण म्हणूनच कामाच्या बाजूने बोलते, सजावटीच्या बाजूने नव्हे.

तिसरा बचाव खर्चाचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ खाली गाडीच्या प्रत्येक प्रकाराला मान्यता घ्यावी लागते. ब्रेक किंवा सस्पेन्शन बदलले की पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत चाचण्या होतात, कागद होतात, वेळ जातो, आणि थोड्या गाड्यांसाठी हा भार उचलणे कंपनीला परवडत नाही. रंग आणि बिल्ल्यांना यातले फारसे काही लागत नाही. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्ज या कंपनीबरोबर काढलेल्या टियागो आणि टिगोरच्या जेटीपी आवृत्त्या, २०१८ साली खरोखर वेगळे इंजिन आणि सस्पेन्शन घेऊन आल्या आणि २०२० मध्ये बंद झाल्या, हेही बचावकर्ते सांगतात, आणि ते खरे आहे.

परंतु सगळे किंवा काहीच नाही, अशी ही निवड नाही. ह्युंदाईने २०२२ च्या सप्टेंबरात व्हेन्यू एन लाइन आणली तेव्हा इंजिन साध्या टर्बो व्हेन्यूचेच, १२० पीएसचे ठेवले. पण चारही चाकांना डिस्क दिल्या, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची जुळणी बदलली, धुरांड्याचा आवाज बदलला. त्याच वर्षी महिंद्राने नाशिकमध्ये तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ३०० ची टर्बोस्पोर्ट आवृत्ती काढली आणि तिला ११० ऐवजी १३० पीएसचे, इंधन थेट सिलिंडरात फवारणारे नवे इंजिन दिले. दोन्ही चार मीटरांच्या आतल्या आणि टायगुनपेक्षा स्वस्त गाड्या. जे त्यांना परवडले ते टायगुनला परवडत नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बचावकर्त्यांवर आहे आणि त्यांनी ती कधीच पार पाडलेली नाही. शिवाय हा पट्टा अशा कामाला अपरिचित नाही. शॉक अब्सॉर्बर करणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचे घर याच नाशिक रस्त्यावर कुरुळीत आहे. ब्रेम्बोचे ब्रेक आणि ब्रिजस्टोनचे टायर चाकणमध्ये तयार होतात. आणि २०१० पासून पुढची अनेक वर्षे पोलो, व्हेंटो आणि अ‍ॅमियो या चाकणमध्येच तयार होणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीच्या आवृत्त्या फोक्सवॅगनच्या पुण्यातल्याच मोटरस्पोर्ट विभागाने उभ्या केल्या. इतके कसब काही किलोमीटरांच्या आत असताना कारखान्यातून निघणाऱ्या ‘स्पोर्ट’ गाडीसाठी त्यातले काहीच वापरले जाऊ नये, याची खंत या भागात वाहनउद्योगावर पोट असलेल्या कोणालाही वाटावी.

‘मूळ गाडीच मुळात चांगली चालते, वेगळी जुळणी हवी कशाला’ हा आणखी एक बचाव. टायगुन वळणावर विश्वासाने वळते, तिचे स्टिअरिंग नेमके आहे, सहा गतींची मॅन्युअल गिअरबॉक्स हाताला सुखावते. हे सर्व मान्य. मग साध्या १.५ लिटरच्या गाडीचेच कौतुक करावे. तिचे गुण काळ्या छताच्या खात्यावर जमा करू नयेत.

राहता राहिला गिऱ्हाईक. त्याला लाल शिलाईच हवी असते, ड्रम की डिस्क हे तो विचारत नाही, असे शेवटी सांगितले जाते आणि चर्चा तिथे थांबवली जाते. हे विधान याच दशकाने खोटे ठरवले आहे. गाडीच्या खांबांतले पोलाद शोरूममध्ये दिसत नाही, आणि दहा वर्षांपूर्वी त्याविषयी कोणी विचारतही नव्हते. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, भारतात तयार होऊन इथेच विकल्या जाणाऱ्या गाडीला पहिल्यांदाच. २०२२ मध्ये टायगुन आणि कुशाक यांना प्रौढ आणि मुले दोन्हींसाठी पाच तारे मिळाले. आणि २०२३ मध्ये भारत एनकॅप ही देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली. या पाच वर्षांत परीक्षणे लिहिणाऱ्यांनी तारे म्हणजे काय, गाडीचा सांगाडा ‘स्थिर’ राहणे म्हणजे काय, हे पुन्हा पुन्हा समजावून सांगितले, आणि आज पिंपरीतल्या शोरूममध्ये पहिली गाडी घ्यायला आलेले कुटुंबही किती तारे आहेत हे विचारते. न दिसणाऱ्या गोष्टीची मागणी निर्माण करता येते, हे या लेखकवर्गाने स्वतःच करून दाखवले आहे. ब्रेकच्या आणि शॉकअपच्या बाबतीत तो ‘गिऱ्हाइकाला नको असते’ म्हणून हात वर करतो, तेव्हा तो स्वतःच्याच कामगिरीला विसरतो.

म्हणून स्पोर्टी आवृत्तीच्या परीक्षणात, छायाचित्रांच्याही आधी, टायर, स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर, ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन आणि गिअर यांपैकी साध्या आवृत्तीपेक्षा काय बदलले हे नावानिशी यायला हवे, आणि काहीच बदलले नसेल तर तसे स्पष्ट वाक्य यायला हवे. पहिल्या खरेदीदाराला याचा फायदा आहेच. त्याहून मोठा फायदा आहे तो दुसऱ्या खरेदीदाराला. पाच-सहा वर्षांनी ही गाडी जुन्या बाजारात येईल, तेव्हा तिच्याबरोबर माहितीपत्रक येणार नाही, विक्रेत्याच्या तोंडी फक्त ‘जीटी आहे’ एवढे येईल, आणि कदाचित पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या कारखान्यातला तरुण कामगार कर्ज काढून ती घेईल. त्याच्या हाती उरतो तो नोंदणी प्रमाणपत्रावरचा घनक्षमतेचा रकाना: तिथे ९९९ असेल किंवा १४९८, आणि या दोन आकड्यांतला फरक जाळीवरच्या लाल अक्षरांतून त्याला कळणार नाही.